बडोद्याहून मैत्रीला: अंटार्क्टिकाला निघणाऱ्यांसाठी

अंटार्क्टिकाला फक्त शास्त्रज्ञ जातात, असा समज आपल्या दांडिया बाजारात अजूनही आहे. मी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत जनरेटर दुरुस्त करतो आणि अंटार्क्टिकातल्या भारताच्या मैत्री संशोधन केंद्रावर हिवाळाभर थांबणाऱ्या तुकडीत राहून आलो. तिथलं संशोधन वीज, पाणी आणि स्वयंपाकघराच्या जिवावर चालतं. गोरव्याच्या आयटीआयमधल्या मुलांनी तर हे वाचाच.

सगळा कारभार गोव्यात वास्कोहून, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. मुलाखत, दिल्लीला एम्समध्ये कसून तपासणी, मग औलीला आयटीबीपीकडे (भारत-तिबेट सीमा पोलीस) बर्फावरचं प्रशिक्षण. औलीत दोरीचं काम मनापासून शिका. आणि निघण्याआधी सगळे दात दाखवून घ्या. हिवाळ्यात दाढ दुखली म्हणून कोणी तुम्हाला घरी पोचवणार नाही.

केपटाउनहून इल्युशिन-७६ विमान साधारण सहा तासांत रशियन नोव्होलाझारेव्स्काया केंद्राजवळच्या बर्फाच्या धावपट्टीवर उतरतं. ध्रुवीय कपडे आणि बूट विमानातच चढवा, दार उघडतं ते थेट बर्फावर. अवजड सामान आणि इंधन मात्र जहाजाने येतं. मैत्री किनाऱ्यापासून सुमारे १०० किलोमीटर आत आहे, त्यामुळे हिमकड्यापाशी उतरवलेला माल पिस्टनबुलीला (बर्फावर चालणाऱ्या पट्ट्यांच्या गाडीला) जोडलेल्या घसरगाड्यांवरून ओढत आणावा लागतो.

आपलं पहिलं केंद्र, दक्षिण गंगोत्री, १९८३-८४ साली तरंगत्या हिमथरावर बांधलं होतं. ते हळूहळू बर्फाखाली गेलं. म्हणून १९८९ साली मैत्री शिर्माखर टेकड्यांच्या खडकावर उभी राहिली, तीही खांबांवर, म्हणजे वाऱ्याने येणारा बर्फ खालून निघून जातो.

आता माझ्या कामाचं. मार्चच्या सुमारास शेवटचं जहाज गेलं की नोव्हेंबरपर्यंत कोणी येत नाही. एखादं ऑइल सील नसेल तर नसेलच, बाजार कुठला? म्हणून गेल्या गेल्या स्टोअरमध्ये बसून सुट्या भागांची यादी स्वतःच्या डोळ्यांनी पडताळा, आधीच्या तुकडीच्या वहीवर विसंबू नका. त्या तुकडीचा मेकॅनिक परतण्याआधी त्याच्यासोबत प्रत्येक इंजिन सुरू करून त्याचा आवाज ऐका. साध्या डिझेलमधलं मेण थंडीत घट्ट होऊन फिल्टर तुंबवतं. त्यामुळे इंधन वेगळं असतं, तेही शिकून घ्या.

पाणी प्रियदर्शिनी तलावाचं. हिवाळ्यात वरचा थर गोठतो, पण खाली पाणी असतं. पंप थांबला की पाइपातलं पाणी गोठायच्या आत काढून टाकायचं, मग वादळ असो की रात्र. हातमोज्यांवर हातमोजे घालून कपलिंग सोडवायचं, आणि उघड्या बोटांनी लोखंडाला हात लावायचा नाही. बडोद्यातच जाड हातमोजे घालून पाना चालवायचा सराव करा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

एवढी धडपड कशासाठी? पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची उपकरणं, हवामान खात्याच्या नोंदी, हे सगळं वर्षानुवर्षं सलग चालतं. त्या नोंदींत वीज गेल्यामुळे खंड पडू नये, ही आपली जबाबदारी. आपल्यासारख्यांच्या कामाचं मोल तिथे कळतं.

नियम कडक आहेत आणि ते असायलाच हवेत. अंटार्क्टिकाच्या पर्यावरण रक्षणासाठीच्या १९९१ च्या माद्रिद करारानुसार बाहेरची माती आणि पॅकिंगचे थर्मोकोलचे दाणे नेता येत नाहीत. बूटांचे तळवे आणि पिशवीचे कप्पे ब्रशने झाडा, गवताचं एक बीही जाता कामा नये. लीलो चिवडा मात्र भरपूर न्या. मैत्रीत आणि शेजारच्या रशियनांकडेही त्याला मान आहे.

वादळात केंद्राबाहेर एकट्याने पाऊल टाकायचं नाही. मे अखेरीपासून जुलैपर्यंत सूर्य दिसत नाही. तेव्हा झोपेची वेळ ठरलेली ठेवा आणि जेवायला सगळ्यांसोबत बसा.

भरतीची जाहिरात गोव्याच्या त्या संशोधन केंद्राच्या संकेतस्थळावर येते. जनरेटर, वाहन, वीज, प्लंबिंग, वेल्डिंग, स्वयंपाक अशी कामं बघा. अनुभवाचे दाखले आत्ताच मालकाकडून सहीशिक्क्यानिशी घेऊन ठेवा.