पिना काढणारा हात

माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा न राहणे) आहे. पुण्यातल्या एका कार्यशाळेत तो रद्दी निवडतो, कारण तिथे त्या रद्दीचा लगदा करून हातकागद बनवतात. उजवा हात आखडत असल्याने तो डाव्या अंगठ्याच्या नखाने स्टेपलरची पिन उचकटतो आणि डब्यात टाकतो. एका पिनेला कधी अर्धे मिनिटही लागते, पण ती राहिली तर लगदा घुसळणाऱ्या यंत्राचे पाते बिघडते, हे त्याला पक्के ठाऊक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केली, हे चांगलेच झाले. तरीही आधीच्या एका ठिकाणी त्याला दिवसभर नुसते बसवून ठेवत, आणि (कबूल करतो) आम्हीही ते चालवून घेतले. आता पगार झाला की पाकिटातल्या नोटा तो स्वतः दोनदा मोजतो.