मी दर बदलला, गिऱ्हाईकाला जुनाच दिसला

अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या आठवड्यात आम्ही ११ पेट्या प्रत्येकी ४०० रुपये कमी घेऊन दिल्या. म्हणजे ४४०० रुपये गेले. ते का गेले हे शोधायला मला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांची चीड अजून गेलेली नाही, म्हणून सगळं लिहून काढतेय.

आमची देवगडला बाग आहे. बाबा आणि दादा बाग बघतात, मी पुण्यात नोकरी करते आणि घरची वेबसाइट सांभाळते. वर्डप्रेसवर आहे, म्हणजे साइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर, आणि वर एक पेज बिल्डर, म्हणजे कोड न लिहिता पान मांडायचं साधन. हापूसचा दर सीझनभर एक राहत नाही हे आंबेवाल्यांना सांगायला नको. सुरुवातीच्या मालाला एक दर, अक्षय्य तृतीयेला मागणी वाढते तेव्हा वेगळा, मे मध्ये माल वाढला की खाली. त्यात पेटी चार डझनची, पाच डझनची, सहा डझनची, फळाच्या साइजप्रमाणे. हा दर साइटवर सात ठिकाणी लिहिलेला होता आणि मागच्या वर्षापर्यंत मी सातही ठिकाणी हाताने बदलायचे, एखादं राहायचंच.

म्हणून यंदा डायनॅमिक कंटेंट करायचं ठरवलं. म्हणजे पानावर आकडा टाइप करायचाच नाही, दर एका कस्टम फील्डमध्ये, म्हणजे आपण बनवलेल्या माहितीच्या रकान्यात, ठेवायचा आणि पानावरच्या मजकुराच्या बॉक्सला सांगायचं की तुझा आकडा त्या फील्डमधून घे. एका जागी बदलला की सातही ठिकाणी बदलतो. हे सेट करायला मला एक रविवार लागला, काही अवघड नाही. सगळे दर एकाच सेटिंगच्या पानावर ठेवले म्हणजे दादालासुद्धा बदलता येतात.

फील्ड करताना एक करा, त्याचा प्रकार नंबर ठेवा आणि आत फक्त ३२०० लिहा. रुपयाचं चिन्ह, स्वल्पविराम, '/-' काही नको. मी आधी साधं टेक्स्ट ठेवलं होतं, तर स्वस्त ते महाग लावायला गेले तेव्हा ९०० ची छोटी पेटी ३२०० च्या खाली जाऊन बसली, कारण ते अक्षरं म्हणून पहिला आकडा बघतं, ९ मोठा की ३ मोठा. रुपयाचं चिन्ह बिल्डरमध्ये 'बिफोर' म्हणून जागा असते तिथे टाका. तिथेच 'फॉलबॅक' असतो, म्हणजे फील्ड रिकामं असेल तर काय दाखवायचं. आम्ही 'दरासाठी फोन करा' लिहिलंय.

आता मुख्य गोष्ट.

सोमवारी रात्री साडेनऊला चार डझनच्या पेटीचा दर ३२०० चा ३६०० केला. लगेच पान उघडून बघितलं, सातही ठिकाणी ३६००. मी समाधानाने झोपले. मंगळवारी सकाळी बाबांचा फोन, डोंबिवलीच्या एक काकू स्क्रीनशॉट पाठवतायत, त्यात ३२०० दिसतंय, आणि त्या विचारतायत की फोनवर ३६०० का सांगता. मी परत उघडलं, मला ३६००. काकूंना म्हटलं रिफ्रेश करा, त्यांना ३२००. त्यांचा जुना स्क्रीनशॉट असेल असं मला वाटलं, आणि तसं वाटलं याचं मला अजून वाईट वाटतं, कारण त्या अगदी खरं बोलत होत्या.

बाबांनी ३२०० लाच दिली. म्हणाले, साइटवर छापलंय म्हणजे आपण बोललोय, आता फिरवायचं नाही. त्यानंतर जो जो ३२०० बघून आला त्याला त्यांनी ३२०० लाच दिली.

मी कॅशचं, म्हणजे पानांच्या आधी बनवून ठेवलेल्या प्रतींचं, प्लगइन (वर्डप्रेसला जोडलेलं जास्तीचं साधन) उघडून सगळी कॅश क्लिअर केली, पंधरा-वीस वेळा केली असेल. बिल्डरमध्ये जाऊन पान परत सेव्ह केलं. ज्यांच्या सर्व्हरवर साइट ठेवलीय त्या होस्टिंगच्या सपोर्टला चॅट केलं, ४० मिनिटं थांबल्यावर उत्तर आलं की आमच्याकडून साइट व्यवस्थित चालू आहे, तुमच्या ब्राउझरची कॅश काढा. आणि बुधवारी सकाळी सगळ्यांना ३६०० दिसायला लागलं! मला वाटलं सुटलं. गुरुवारी रात्री पाच डझनचा दर बदलला आणि शुक्रवारी सकाळी परत तेच, जुना दर, परत बाबांचा फोन.

शुक्रवारी मी पहिल्यांदा प्रायव्हेट टॅबमध्ये, लॉगिन न करता, पान उघडलं. जुना दर. तेव्हा कळलं की मी चार दिवस लॉगिन राहूनच बघत होते. लॉगिन असलेल्या माणसाला साइट साधारणपणे ताजं पान बनवून देते, आणि बाहेरच्या गिऱ्हाईकाला आधी बनवून ठेवलेली प्रत देते, पान लवकर उघडावं म्हणून. डायनॅमिक फील्ड आपलं काम बरोबर करत होतं, पण प्रत जुनी होती आणि फील्डमधला आकडा त्या प्रतीत आधीच छापला गेला होता.

मग पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन उगाच काहीतरी अक्षरं टाइप केली, तर लगेच नवा दर आला. म्हणजे प्रत मध्येच कुठेतरी अडकलेली. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडला, पानाच्या नावावर क्लिक केलं, हेडर्समध्ये, म्हणजे पानासोबत सर्व्हर जी माहिती पाठवतो त्यात, खाली 'एज' (Age, प्रतीचं वय) अशी ओळ होती आणि समोर ४३५१२. हे सेकंद असतात. म्हणजे ती प्रत बारा तासांपूर्वीची. माझं प्लगइन तर मी पाच मिनिटांपूर्वी रिकामं केलेलं, म्हणजे कॅश प्लगइनची नव्हतीच, होस्टिंगच्या सर्व्हरची वेगळी होती. त्यांच्या पॅनलमध्ये तीन मेनू आत गेल्यावर ती सापडली, मुदत २४ तास. म्हणूनच बुधवारी आपोआप बरं झालं होतं. सपोर्टवाल्याला हे एका वाक्यात सांगता आलं असतं, पण त्याने माझा प्रश्न नीट वाचलाच नाही.

दर असलेली तीन पानं त्या कॅशमधून वगळली, बाकीची तशीच ठेवली कारण बागेच्या फोटोंची पानं जड आहेत. वगळल्यावर एकदा 'पर्ज'चं, म्हणजे साठवलेल्या प्रती पुसायचं, बटण दाबावं लागतं, नाहीतर आधीची प्रत मुदत संपेपर्यंत राहते. तुमच्याकडे पॅनलमध्ये काही दिसत नसेल तर सपोर्टला 'साइट जुनी दिसते' असं लिहू नका, 'सर्व्हर लेव्हलची पेज कॅश आहे का, मुदत किती, हा पत्ता वगळून द्या' एवढंच लिहा.

अजून एक राहिलं, गुगलसाठी पानाचं जे वर्णन लिहितो त्यात मी हाताने '३२०० पासून' लिहून ठेवलं होतं. व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवली की तेच वर्णन खाली येतं. तिथे आकडा ठेवूच नका.

परवा रात्री पायरीचा दर बदलला. आईच्या मोबाइलवर साइटचं लॉगिन नाही, त्यामुळे आता दर बदलला की तिलाच फोन करते. तिने पान उघडून वाचून दाखवलं, "पायरी, चार डझन, सोळाशे." बरोबर होतं.