बाण आधी, आकडे मग
(माजी विद्यार्थी, बारावी शास्त्र, १९८८)

बारावीच्या सहामाहीत फिजिक्सच्या एका गणिताची मी दोन उत्तरं लिहिली होती: १० सेंटिमीटर आणि उणे ३० सेंटिमीटर. म्हटलं, एक तरी लागेल. सरांनी दोन्हींखाली लाल रेघ ओढली, चारपैकी शून्य दिलं आणि समासात एकच शब्द लिहिला, ‘बाण?’

सरांना आम्ही पाठीमागे बाणसर म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि बहुधा आवडतही होतं. फळ्यावर दोन ठिपके काढले की तिसऱ्या ठिपक्यावर आधी बलाच्या दिशेचे बाण उमटायचे, मग सूत्र, आणि आकडे अगदी शेवटी. आम्हाला उलटी घाई. लॉग टेबल उघडून बसलेली पोरं आम्ही. बेरीज-वजाबाकी दिसल्याशिवाय हाताला चैन पडायचं नाही.

त्यात आमच्यातले निम्मे दहावीपर्यंत मराठी माध्यमातले. ‘सजातीय प्रभारांत प्रतिकर्षण, विजातीय प्रभारांत आकर्षण’ हे तोंडपाठ होतं. अकरावीत तेच सगळं एकदम इंग्रजीतून सुरू झालं आणि आकर्षणसुद्धा परकं वाटायला लागलं. सरांनी यावर वेगळा वर्ग वगैरे काही घेतला नाही. ते शिकवताना सरळ मराठीत यायचे. फील्ड समजावताना त्यांनी परीक्षणासाठी ठेवायच्या चार्जला ‘पाहुणा’ म्हटलं. पाहुणा नेहमी धन, आणि इतका लहान की त्याच्या येण्याने यजमानांनी जागा सोडता कामा नये. त्याच्यावर जेवढं बल पडेल त्याला त्याच्या चार्जने भागायचं. ते त्या जागेचं फील्ड. पाहुणा उठून गेला तरी जागेचा स्वभाव तोच राहतो. ही व्याख्या पुढे इंजिनिअरिंगला कितीतरी सजून समोर आली, पण माझ्या डोक्यात अजून पाहुणाच बसतो.

कूलोमबद्दल सांगताना सर खुलायचे. हा फ्रेंच लष्करातला इंजिनिअर, वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटावर किल्ल्याच्या बांधकामात वर्षं घालवलेला. पुढे १७८५ मध्ये त्याने बारीक तारेला किती पीळ पडतो त्यावरून दोन चार्जमधलं बल मोजलं आणि दाखवलं, की अंतर दुप्पट केलं तर बल चौथाईवर येतं. ‘तुम्ही सिंहगडावर जाऊन भजी खाऊन येता,’ असं सर म्हणायचे. अन्याय होता, आम्ही दहीसुद्धा खायचो.

एक कूलोम म्हणजे केवढा चार्ज, हे त्यांनी ट्रकांत सांगितलं. एक-एक कूलोमचे दोन चार्ज एक मीटरवर ठेवले तर बल ९०० कोटी न्यूटन, म्हणजे साधारण नऊ लाख टनांचं वजन. दहा-दहा टनांचे नव्वद हजार ट्रक. आठ मीटर लांबीचा एक धरून एकामागे एक उभे केले तर रांग पुण्यापासून थेट नागपूरपर्यंत. म्हणूनच गणितात मायक्रोकूलोम, म्हणजे कूलोमचे दहा लाखावे भाग, असतात, पोरांनो, नाहीतर पेपर फाटेल.

खरा सोहळा भेंडाच्या गोळ्यांचा. तुळशीबागेतून आणलेल्या बाशिंगाचं भेंड कापून सरांनी दोन गोळ्या केल्या होत्या, त्यांवर चंदेरी कागद, आणि प्रत्येकीला अर्धा मीटर रेशमी दोरा. दोन्ही एकाच खुंटीला टांगलेल्या. एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा, दांडा शिपाईकाकांच्या मफलरवर घासून टेकवला की गोळ्या फटकून दूर व्हायच्या आणि तशाच थांबायच्या. पहिल्यांदा हा प्रयोग जुलैत ठरला होता आणि साफ फसला. खिडकीबाहेर पाऊस, हवा दमट, चार्ज टिकेचना. सर मख्खपणे म्हणाले, ‘डिसेंबरात या.’ आम्ही डिसेंबरात गेलो. थंडी कोरडी होती. गोळ्या एकमेकींपासून सहा सेंटिमीटर दूर उभ्या राहिल्या.

मग आमच्याकडून गणित करून घेतलं. गोळीचं वजन ०.१ ग्रॅम. प्रत्येक गोळी मधल्या रेषेपासून तीन सेंटिमीटर सरकलेली, दोरा पन्नासचा, म्हणजे कोनाचा टॅन ०.०६. त्याला वजनाने गुणलं की विद्युत बल, साधारण सहा दशलक्षांश न्यूटन... नाही, चुकलो, एक न्यूटनच्या लाखाव्या भागाच्या सहापट. (लॉग टेबल सुटल्यापासून घात सांभाळणं जमत नाही.) दोन्हींवर सारखा चार्ज धरून कूलोमचा नियम उलटा फिरवला, तर प्रत्येकीवर जेमतेम पाच नॅनोकूलोम, म्हणजे कूलोमच्या अब्जाव्या भागाच्या पाचपट. एका इलेक्ट्रॉनच्या चार्जने भागल्यावर तीन हजार कोटी इलेक्ट्रॉन. काकांच्या मफलरमधून निघालेले! काका त्यानंतर कितीतरी दिवस मफलर जपून घडी घालायचे.

आता ते शून्याचं गणित. अधिक ४ आणि अधिक १ मायक्रोकूलोमचे दोन चार्ज ३० सेंटिमीटरवर. त्यांना जोडणाऱ्या रेषेवर फील्ड शून्य कुठे? लहान चार्जपासून मोठ्याच्या दिशेने अंतर मोजायचं. दोन्ही फील्डची मापं सारखी मांडली की वर्गसमीकरण येतं आणि माझी ती दोन उत्तरं पडतात. पाहुणा मधे १० सेंटिमीटरवर बसवला तर दोन्हीकडून सारखाच ढकलला जातो, बाण समोरासमोर, हिशेब मिटला. उणे ३० म्हणजे लहान चार्जच्या पलीकडची बाजू. तिथेही दोन्ही मापं सारखीच असतात, पण बाण एकाच दिशेला. फील्ड शून्य कसलं, दुप्पट. समीकरणात अंतराचा वर्ग होतो, आणि वर्गाला दिशा कळत नाही.

हे मी पेपर हातात घेऊन कबूल केलं आणि उणे ३० खोडायला निघालो. सरांनी पेन धरलं. ‘थांब. हे उत्तर कुणाचं तरी असेल की.’

त्यांनी लहान चार्जचं चिन्ह बदलून उणे १ केलं आणि तिथून निघून गेले. बाण काढायला मला मधली सुट्टी लागली. आता पलीकडे बसलेल्या पाहुण्याला मोठा ढकलतो आणि लहान ओढतो. मोठा ६० सेंटिमीटरवर, चौपट ताकदीचा. लहान ३० वर. बरोबरी! खोडायचं उत्तर शेजारच्या गणिताचं होतं. मार्क अर्थात शून्यच राहिले.

माझा स्वतःचा व्यवसाय भोसरीत, पावडर कोटिंगचा, म्हणजे वस्तूंवर रंगाची पूड बसवण्याचा. बंदुकीतून निघणाऱ्या पावडरच्या कणांवर चार्ज चढवायचा, अर्थिंग केलेल्या जॉबवर, म्हणजे रंगवायच्या वस्तूवर, ते जाऊन चिकटतात, मग भट्टी. नवीन पोरगा हमखास तक्रार करतो की आतल्या कोपऱ्यात पावडर शिरत नाही, आणि व्होल्टेज वाढवत बसतो. त्याने आणखी बिघडतं, कारण फील्ड कडांवर एकवटतं आणि कण तिकडेच ओढले जातात. मी त्याला खडू देतो आणि जमिनीवर बाण काढायला लावतो. पोरं माझ्यामागे मला काय म्हणतात ते विचारायचं मी टाळतो.

स्मरणिकेच्या कामासाठी गेल्या जुलैत शाळेत गेलो होतो. प्रयोगशाळेच्या कपाटात खडूच्या खोक्यात त्या दोन गोळ्या सापडल्या, चंदेरी कागद काळवंडलेला, एक दोरा तुटलेला. दोरा बांधला, खिशातला कंगवा डोक्यावर घासला (आता तिथे घासण्यासारखं फारसं नाही) आणि टेकवला. गोळ्या एकमेकींना चिकटून लोंबत राहिल्या. बाहेर पाऊस होता.

अमृतमहोत्सवाचा समारंभ डिसेंबरात आहे. मफलर मी आणतोय.