'त्यांची संस्कृती' म्हणजे नेमकी कुणाची?

दुसऱ्यांच्या संस्कृतीतल्या रूढींना चूक म्हणणारे आपण कोण, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी नीतिशास्त्र शिकवते हे कळलं की समोरचा माणूस खुर्ची जरा पुढे ओढतो आणि म्हणतो, "प्रत्येक समाजाची नीती वेगळी असते. मग अमक्यांचं चुकलं असं म्हणणारे आपण कोण?" उत्तर माझ्याकडून 'कोणीच नाही' असंच यावं, ही अपेक्षा चेहऱ्यावर असते. विशीत मीही तेच उत्तर देत असे. ते समंजस वाटायचं. सोयीचंही होतं, पण ते तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

हा प्रश्न काही आजचा नाही. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने एक गोष्ट सांगितली आहे. पर्शियाच्या दरायस राजाने ग्रीकांना बोलावून विचारलं, किती पैसे दिले तर मेलेल्या बापाचं मांस खाल? ते म्हणाले, कितीही दिले तरी नाही. मग आई-बापाचा देह खाणाऱ्या एका जमातीला त्याने विचारलं, बापाला जाळायला किती घ्याल? ते किंचाळलेच. असलं अभद्र बोलू नका म्हणाले. हेरोडोटसचा निष्कर्ष असा, की रूढी हीच सगळ्यांची राजा.

पूर्वी ही गोष्ट मी वर्गात याच निष्कर्षासाठी सांगायचे. आता दर वेळी मला त्यात दुसरंच दिसतं. पैसे दोघांनीही नाकारले. बापाच्या देहाची विटंबना कुठल्याही किमतीला करायची नाही, यावर दोघांचं एकमत होतं. विटंबना कशाला म्हणायचं, एवढाच फरक. आपल्याला 'वेगळी नीती' वाटणाऱ्या पुष्कळ गोष्टी अशाच असतात. मृत्यूनंतर काय होतं, देह म्हणजे काय, याबद्दलच्या समजुती वेगळ्या आणि आच तीच. म्हणून निवाडा करण्याआधी नीट ऐकून घ्यावं, हे मला अजूनही शंभर टक्के मान्य आहे.

पण सगळे फरक असे विरघळत नाहीत.

ओळखीतल्या एका मुलीला पुढे शिकायचं होतं. घरचे म्हणाले, आमच्यात पद्धत नाही. ती माझ्याकडे आली, मी घरच्यांशी बोलावं म्हणून. मी म्हटलं, "अगं, तो तुमच्या घरचा प्रश्न. बाहेरच्या माणसाने काय बोलायचं?" ती एवढंच म्हणाली, "पण मीही त्याच घरातली आहे ना?" मला उत्तर सुचलं नाही. आपण कुणाचीच बाजू घेत नाही, असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी बाजू घेऊन मोकळी झाले होते. 'घर' म्हणून मी फक्त बोलणाऱ्यांना मोजलं होतं.

तेव्हापासून 'त्यांच्या संस्कृतीत तसंच चालतं' असं कुणी म्हणालं, की मी 'त्यांच्या'पाशी अडते. अॅरिस्टॉटलने गुलामगिरीचं समर्थन केलं, काही माणसं जन्मतःच गुलाम होण्याजोगी असतात असं लिहिलं. त्यावर आपण म्हणतो, काळच तसा होता. पण त्याच ग्रंथात त्याने नोंदवून ठेवलंय, की गुलामगिरी निसर्गाविरुद्ध आहे, ती केवळ कायद्याने लादलेली आणि म्हणून अन्यायाची आहे, असंही काहींचं मत आहे. म्हणजे त्या काळातही एकमत नव्हतंच. आणि हे सगळं गुलामांचं म्हणणं न विचारता!

राममोहन रॉय यांचंही तसंच. 1818 पासून ते सतीविरुद्ध लिहू लागले ते शास्त्रांचे आधार देत. 1829 मध्ये बंदी आल्यावर विरोधक लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपिलाच्या ठिकाणापर्यंत, गेले आणि 1832 मध्ये हरले, तेही शास्त्रांचेच दाखले देत. मग 'संस्कृती' नेमकी कुणाच्या बाजूला होती? समाज ठरवेल ते बरोबर, एवढंच खरं मानलं, तर प्रत्येक सुधारक बंडाच्या पहिल्या दिवशी चूकच ठरतो. बहुमत मिळालं की आपोआप बरोबर! हे काही मला पटत नाही.

तुमच्या प्रश्नामागची भीती मात्र खोटी नाही. 'आम्ही तुम्हाला सुधारतो' म्हणत साम्राज्यं उभी राहिली. 1947 मध्ये अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिकल असोसिएशन या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांना बजावलं, की मानवी हक्कांचा जाहीरनामा म्हणजे केवळ पश्चिमेची मूल्यं असं होऊ देऊ नका. इशारा रास्तच होता. तरी 10 डिसेंबर 1948 ला जाहीरनामा मंजूर झाला. 48 देश बाजूने, विरोधात एकही नाही, 8 तटस्थ. त्याच्या पहिल्या कलमातले 'सर्व पुरुष' असाही अर्थ निघू शकणारे शब्द बदलून 'सर्व माणसं' करून घेतलं ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी. पश्चिमेचा म्हणून ज्याला नावं ठेवतात, त्या मसुद्यातली ही फट पूर्वेकडच्या बाईला दिसली. त्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेनेही 1999 मध्ये मानवी हक्कांच्या बाजूने वेगळा जाहीरनामा काढला.

आणि 'कुणी कुणाला नावं ठेवू नयेत' हा नियम तरी कुठल्या संस्कृतीचा? तो सगळ्यांना लागू आहे म्हटलं, की सगळ्यांना लागू असलेलं एक मूल्य आपण मानलंच.

आता मी काय करते, असं पुढे विचाराल. माणसांना नावं ठेवायच्या भानगडीत पडत नाही. त्या घरात, त्या काळात जन्मले असते तर मीही बहुधा तशीच वागले असते. रूढीबद्दल मात्र एक चौकशी करते. तिचा भार ज्याच्यावर सगळ्यात जास्त पडतो, त्याला 'नको' म्हणता येतं का, आणि म्हटलं तर त्याचं काय होतं? बऱ्याचदा एवढ्यावर भागतं.

कधी भागत नाही. भार वाहणारी बाईच शांतपणे सांगते, की मला हेच हवंय. ती मनापासून बोलतेय की सवयीने, हे ठरवणारी मी कोण, हा तुमचाच प्रश्न मग माझ्याकडे परत येतो. अशा वेळी अजूनही मी पुष्कळदा गप्प बसते. फक्त ती मुलगी आठवते, आणि पुन्हा एकदा, एकटीला गाठून विचारते.