छपाईची चूक नाही, काकू

आजी गेली तेव्हा मी अकरावीत होते. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. बाबांनी हात जोडून दोनदा सांगितलं, "पोरीकडे मी बघीन, काळजी करू नकोस," तेव्हा कुठे शिवला. मग सगळे घरी येऊन जेवले. मी नाही.

पुढची चतुर्थी धरली. मग एकादशी, सोमवार, गुरुवार. आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरात उपाशी मुलीला कोणी रागवत नाही, उपवास म्हटलं की झालं. काकू तर धाकट्या चुलत बहिणीला सांगायची, "बघ, आजीचं सगळं हिने उचललंय." आजीबरोबर रात्री ११ वाजता सराफ्याच्या खाऊबाजारात गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाणारी मी त्या रस्त्यानेही जाईना.

पाळी थांबली. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. पहिल्या डॉक्टरांनी "या वयात होतं असं" म्हणून टॉनिक दिलं. दुसऱ्या बाईंनी नाडी धरली, घड्याळाकडे पाहिलं आणि तडक ईसीजी आणि रक्तातलं पोटॅशियम तपासायला पाठवलं. तिथून मानसोपचारतज्ज्ञांकडे. त्यांनी मला मिनेसोटातल्या प्रयोगाची गोष्ट सांगितली. १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट पुरुषांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, तर ते दिवसभर जेवणाचंच बोलायला लागले, काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. मी चपापले. रात्री २ वाजता मालपुव्याचे व्हिडिओ बघायचे ना मी!

आईला त्यांनी बजावलं, "काही महिने जेवणाचे निर्णय तिचे नाहीत, तुमचे." म्हणून आई समोर बसायची, मेथी निवडत. वरणभात, वर तूप. चाळीस मिनिटांत तूप थिजून भाताला पांढरी कड धरायचं. "अजून दोन घास," आई वर न बघता म्हणायची. मेथी संपली की निवडलेलीच परत निवडायची. एकदा मी वाटी भिंतीवर भिरकावली. तिने भिंत पुसली आणि दुसरी वाटी वाढली.

'विंटरगर्ल्स' वाचलं ते बरं झाल्यावर, कॉलेजात. लॉरी हॅल्स अँडरसनची २००९ ची कादंबरी. उपाशी राहणाऱ्या लियाची जुनी मैत्रीण कॅसी मोटेलच्या खोलीत एकटी मरते. त्या रात्री तिने लियाला ३३ वेळा फोन केलेला असतो आणि लियाने उचललेला नसतो. लियाच्या उपाशीपणापेक्षा मला ते फोन लागले. आजीने शेवटच्या रात्री मला हाक मारली होती. उद्या पेपर आहे म्हणून मी खोलीतून "आले, आले" म्हणत राहिले. ही गोष्ट मी डॉक्टरांनाही पाचव्या-सहाव्या भेटीत सांगितली.

पुस्तकावर माझा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीसाठी. प्रत्येक पदार्थापुढे कॅलरी छापल्या आहेत. लियाचं डोकं तसंच चालतं, हे मान्य. पण आजारी मुलगी तेवढेच आकडे पाठ करते. मी बरी होते, तरी केले. आणि बरं होणं शेवटच्या थोड्या पानांत आटोपतं. खरं तर सगळ्यात लांब आणि सगळ्यात कंटाळवाणं प्रकरण तेच, त्यात नुसती मेथी आणि थिजलेलं तूप.

परवा चुलत बहिणीने ते पुस्तक मागितलं. ती आता दहावीत आहे, आणि गेल्या महिन्यात तिने दोन सोमवार धरले. तिला नाही दिलं, काकूला दिलं. काकूला इंग्रजी जड जातं, म्हणून रोज रात्री फोन येतो.

"काय करून राहिलीस गं? मला सांग, यात मधेच शब्द खोडून का छापलेत? छपाईची चूक आहे का?"

"नाही काकू. तिला आधी जे वाटतं ते ती खोडते. मग जे वाटायला हवं ते लिहिते."

काकू बराच वेळ गप्प.

"तू पण खोडायचीस का?"

"हो."

"आज काय जेवलीस?"

"थालीपीठ. दही संपलं होतं, म्हणून लोणचं."

"किती?"

"दोन. आणि काकू, असं विचारायचं नसतं."

"बरं," म्हणाली, "पान ४१ वर काय आहे ते सांग आता."