काळा फॉस्फरस आणि लोणच्यावरचं तेल

सोमवारी संध्याकाळी मायक्रोस्कोपखाली बघितला तेव्हा तुकडा एकदम स्वच्छ होता, कडा धारदार, एक डाग नाही, आणि बुधवारी बघते तर अंगभर बारीक बारीक थेंब, घामोळं उठल्यासारखे. तीन आठवडे खपून मिळवलेला तुकडा गेला. खूप वाईट वाटलं.

हा काळा फॉस्फरस, म्हणजे फॉस्फरसचं थरांवर थर असलेलं एक रूप. मी इथे मँचेस्टरला त्याच्यावरच पीएचडी करतेय. याच शहरात 2004 मध्ये गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइट सोलून ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड थर, काढलं, आणि आमची सुरुवातही अजून चिकटपट्टीनेच होते, अभ्रकाचे पापुद्रे नखाने सुटतात ना, तसंच. पण ग्राफीनला बँडगॅप, म्हणजे वीज वाहण्याआधी इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी, नाही, त्यामुळे त्याचा ट्रान्झिस्टर नीट बंदच होत नाही. काळ्या फॉस्फरसला आहे, जाड तुकड्यात साधारण 0.3 इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि थर कमी करत गेलं की तो वाढत जातो, एकच थर उरला तर कित्येक पट. म्हणून पातळ करायची एवढी धडपड.

चिकटपट्टीने हवे तेवढेच थर मिळतील याचा भरवसा नसतो. मग जरा जाड तुकडा घ्यायचा, ऑक्सिजन प्लाझ्मात, म्हणजे विजेने चेतवलेल्या ऑक्सिजन वायूत, ठेवायचा, वरच्या थरांचं ऑक्साइड होत जातं, मधेमधे रामन, म्हणजे लेझरचा उजेड टाकून परत येणारा उजेड तपासायची चाचणी, घेऊन खाली किती उरलंय ते बघायचं. एक थर म्हणजे जेमतेम अर्धा नॅनोमीटर, त्यामुळे श्वास रोखूनच काम.

मला यातलं सगळ्यात भारी काय वाटतं, तर जो ऑक्सिजन याचा जीव घेतो त्याच्याकडूनच आपण तो तासून घेतो, आणि झालेलं ऑक्साइड खालच्या थरांना थोडं झाकतंही. थोडंच हां. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं तसं ते हवेतली ओल ओढतं, त्याचं फॉस्फोरिक आम्ल होतं, ते थेंब म्हणजे हेच. उजेड असला तर अजून लवकर.

म्हणून वर अ‍ॅल्युमिना, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड, चढवायचा, लोणच्यावर आई तेल ओतून ठेवते तसा, हवा लागायलाच नको. अगदी पातळ थर एकावर एक चढवणाऱ्या एएलडी मशीनमध्ये एका फेरीला साधारण 0.1 नॅनोमीटर चढतो, म्हणजे 20 नॅनोमीटरला 200 फेऱ्या. सोमवारी मशीन मोकळं नव्हतं आणि मी उद्या करू म्हणून थांबले, तिथेच चुकलं.

आता नवीन तुकड्यावर त्याच दिवशी थर चढवलाय, आज अकरावा दिवस. लॅबमध्ये आल्या आल्या आधी तोच बघते. कडा अजून तशाच आहेत.