तुम्ही विचारलंत म्हणून: तो तर तसाही वाचला, मग मिनार्स्कीने मिळवलं काय?

इथे कॅनडात हॅमिल्टनला भारतातून कोणी आलं की नायगरा झाल्यावर मी त्यांना विमानांच्या म्युझियममध्ये नेतोच. तिथल्या दुसऱ्या महायुद्धातल्या लँकॅस्टर बॉम्बरपाशी अँड्र्यू मिनार्स्कीची गोष्ट सांगून झाली की जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, अहो पण ज्याला वाचवायला गेला तो तर आपला आपणच वाचला ना, मग याने जीव देऊन मिळवलं काय? उभ्या उभ्या दोन वाक्यांत याचं उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मिनार्स्की विनिपेगचा, घरचे पोलंडहून आलेले. वडील लवकर गेले, पोरगा चामड्याच्या कामाला लागला. १९४१ मध्ये कॅनडाच्या एअर फोर्समध्ये गेला आणि एअर गनर, म्हणजे विमानातल्या मशीनगन चालवणारा, झाला. पोस्टिंग इंग्लंडमध्ये, ४१९ स्क्वॉड्रन. लँकॅस्टरमध्ये सात माणसं, त्यातले दोन गनर. एक पाठीवरच्या काचेच्या घुमटात, तो मिनार्स्की, आणि दुसरा अगदी शेपटीच्या टोकाला, पाठमोरा, बाकी सगळ्यांपासून तुटलेला, तो पॅट ब्रोफी. दोघं जिगरी दोस्त, पण ब्रोफी ऑफिसर आणि हा नाही, त्यामुळे रात्री निरोप घेताना हा मस्करीत सॅल्यूट ठोकून "गुड नाइट, सर" म्हणायचा. हे लक्षात ठेवा.

१२ जून १९४४ ची रात्र. नॉर्मंडीत फौजा उतरून सहाच दिवस झालेले, जर्मन कुमक रेल्वेने येऊ नये म्हणून फ्रान्समधल्या काम्ब्रेच्या रेल्वे यार्डवर बॉम्ब टाकायचे होते. निघण्याआधी गवतात चार पानांचं क्लोव्हर सापडलं, ते तिकडे शुभ मानतात, ते मिनार्स्कीने ब्रोफीला देऊन टाकलं. मध्यरात्रीनंतर जर्मन फायटरने गाठलं. डावीकडची दोन्ही इंजिनं गेली, पंख पेटला, आणि दोन गनरांच्या मधल्या भागात हायड्रॉलिक तेलाने पेट घेतला. कॅप्टनने उड्या मारायला सांगितलं. शेपटीतला टरेट (ब्रोफी बसायचा तो बंदुकांचा फिरता घुमट) त्याच हायड्रॉलिकवर फिरायचा, तो जाम. हाताने फिरवायचं हँडल होतं तेही तुटलं. ब्रोफी आत अडकला.

मिनार्स्की दारापाशी पोचला होता. फक्त उडी मारायची बाकी होती. तेवढ्यात त्याने ब्रोफीला बघितलं आणि तो पेटलेल्या तेलातून गुडघ्यांवर सरपटत शेपटीकडे गेला. कुऱ्हाडीने टरेट हलवून पाहिला, मग नुसत्या हातांनी. कंबरेपर्यंतचे कपडे पेटलेले. ब्रोफीनेच त्याला जा जा म्हणून हाकललं. तो आगीतून मागे मागे सरकत दारापर्यंत गेला, उभा राहिला, ब्रोफीला सॅल्यूट केला, काहीतरी बोलला (ब्रोफीची खात्री होती की तेच नेहमीचं "गुड नाइट, सर") आणि उडी मारली. पॅराशूटही पेटलेलं होतं. फ्रेंच गावकऱ्यांना तो जिवंत सापडला पण इतका भाजलेला की थोड्याच वेळात गेला. वय २७.

आणि ब्रोफी? विमान जमिनीवर आदळताना झाडाला धडकलं, टरेट उघडला, तो बाहेर फेकला गेला आणि सहीसलामत राहिला.

आता प्रश्नाकडे येतो. आपला हिशोब शेवट माहीत असल्यामुळे चुकतो असं मला वाटतं. त्या क्षणी दोघांनाही ब्रोफी मेल्यातच जमा दिसत होता. आणि ब्रोफीच्या बाजूने बघा ना, लोखंडाच्या पिंजऱ्यात अडकलाय, विमान खाली चाललंय, आणि आगीतून एक माणूस फक्त त्याच्यासाठी येतोय. त्या दोन मिनिटांत ब्रोफी एकटा नव्हता. हे कमी आहे असं मला कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

आपल्या माणगावजवळचे नाईक यशवंत घाडगे महिन्याभराच्या आत, १० जुलै १९४४ ला, इटलीत मशीनगनवर एकटे धावून गेले, ती ठाण्यासकट घेतली आणि मग स्नायपरच्या गोळीने गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला तेव्हा काय मिळवलं असं कोणी विचारत नाही, कारण ठाणं हाती आलं. मिनार्स्कीच्या हाती काहीच आलं नाही, तरी १९४६ मध्ये त्यालाही तोच क्रॉस दिला. ज्यांनी दिला त्यांनी निकाल बघितला नाही, हे मला फार बरोबर वाटतं.

आणि तो मिळाला कसा तेही सांगतो. बाकीचे आधीच उड्या मारून गेले होते, मागे काय झालं ते बघणारा एकटा ब्रोफी. तो वाचला, युद्ध संपल्यावर कॅप्टनला भेटला, त्याला हे सगळं सांगितलं, तेव्हा कुठे जगाला कळलं. बॉम्बर कमांडची, म्हणजे ब्रिटनच्या ज्या बॉम्बर दलात हे उडायचे त्याची, ५५,५७३ माणसं मेली, आणि कितीतरी विमानं अशी पडली की सांगायला कोणीच उरलं नाही. त्यांच्यातही कोणी दारापासून मागे फिरलं असेल.